तिसरी बॅच

आमच्या सरांचे दोन्ही कान मोडलेले होते. औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापकाचे कान असे कसे, हा प्रश्न कॉलेजात नव्यानं आलेल्या प्रत्येकाला पडायचा आणि विचारायची हिंमत कुणालाच व्हायची नाही. मग पहिल्या तासाला सर स्वतःच सांगून टाकायचे. तरुणपणी शिवाजी पेठेतल्या एका तालमीत त्यांनी आठ वर्षं घालवली होती. जिंकलेल्या कुस्त्यांपेक्षा हरलेल्या जास्त, आणि हरता हरता कधीतरी बी. फार्म. झाले. एवढं सांगून ते फळ्याकडं वळायचे आणि पुढचा तास पुस्तकी इंग्रजीत घ्यायचे. तालमीतली एक गोष्ट मात्र त्यांनी इंग्रजीतही सोडली नव्हती. प्रयोग फसला तर ‘फेल’ म्हणायचे नाहीत, ‘चितपट’ म्हणायचे. आमच्या प्रयोगवह्यांवर लाल शाईत तो शब्द इतक्या वेळा पडलेला असे की परक्या माणसाला त्या वह्या आखाड्यातल्याच वाटल्या असत्या.

मी त्यांच्या हाताखाली एम. फार्म. केलं. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मला त्यांनी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. विद्यार्थ्याला ते त्याच्या गावाचं नाव द्यायचे. मी ‘इचलकरंजी’, आणि माझ्या पुढच्या वर्षाला एक मुलगा होता तो ‘राधानगरी’. त्याचं खरं नाव मला त्याच्या लग्नपत्रिकेवरून कळलं. सुरुवातीला मला या प्रकाराचा राग यायचा. एवढं शिकून इथवर आल्यावर आपण पुन्हा एसटीची पाटी झालो, असं वाटायचं. पण सर इतक्या मायेनं आणि इतक्या मोठ्यानं हाक मारायचे की सगळा मजला वळून बघायचा, आणि मग राग धरून ठेवायलाही उसंत मिळायची नाही.

आमचं काम हळदीवर होतं. हळदीतलं पिवळं सत्त्व, ज्याला कर्क्युमिन म्हणतात, ते गुणाचं खरं, पण पाण्याशी त्याचं अजिबात पटत नाही. पाण्यात विरघळत नाही, त्यामुळं पोटात गेलं तरी रक्तात फारसं उतरत नाही, आलं तसंच निघून जातं. मग त्याला कुणाच्या तरी सोबतीनं आत न्यायचं. सरांनी सोबतीला दुधातलं प्रथिन निवडलं होतं, केसीन. केसीनचे अतिशय बारीक कण करायचे, केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील एवढे, आणि त्यांच्या पोटात हळदीचं सत्त्व बसवायचं. या कणांना जगभर नॅनोपार्टिकल म्हणतात. आमच्या प्राचार्यांना हा शब्द फार प्रिय होता, प्रत्येक भाषणात ते तो दोनदा तरी घ्यायचे. सरांना तो आवडायचा नाही. ‘बारीक म्हना की सरळ,’ असं ते प्राचार्यांच्या तोंडावर म्हणायचे.

विद्यार्थ्यांना समजावताना मात्र त्यांची भाषा वेगळी होती. नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते, तसं हे केसीन, असं ते सांगायचे. नवरीला नव्या घरात नीट पोचवायचं, तिचा जीव रमला की आपण बाजूला व्हायचं. पाठराखीण फार जाडजूड असून चालत नाही, दारातच अडकते. आणि चार पाठराखिणी एकत्र जमल्या की बोलत बसतात, नवरी राहते बाजूला. कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होणं ही आमच्या कामातली सगळ्यात मोठी डोकेदुखी होती, आणि ती या एका वाक्यात मला जेवढी कळली तेवढी कुठल्याही जाडजूड ग्रंथात कळली नाही. एकदा तपासणी समितीतल्या एका गृहस्थांनी हसत विचारलं, म्हणजे तुम्ही सरकारी खर्चानं हळद घातलेलं दूधच करताय ना? सर म्हणाले, व्हय, फक्त घरच्या दुधात हळद तळाला बसते, आमच्यात बसत न्हाय, आणि एवढ्यासाठीच सात वर्षं गेली. समितीनं चहा घेतला आणि पुढच्या विभागात गेली.

सात वर्षं का गेली, ते सरांबरोबर काम केलेल्यालाच कळेल. कणांना पक्कं करायला सगळे एक रसायन वापरतात. ते सरांना नको होतं. प्रेत टिकवायला जे वापरतात त्याचं ते चुलतभावंड, जिवंत माणसाच्या औषधात कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्ही कण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून नुसत्या उष्णतेनं पक्के करायचो. हे सांगायला सोपं आहे. एखाद्या अंशाचा फरक पडला की बॅच चितपट. पनीरच्या तुकड्यासारखं काहीतरी तळाशी पडायचं आणि सर वाकून, मोडका कान भांड्याला लावल्यासारखं करून, ‘गेली’ म्हणायचे.

दूध बाजारातलं पिशवीचं चालायचं नाही. पेठेतल्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात आणि लोक समोर धार काढून घेऊन तिथंच पेला तोंडाला लावतात. तिथं एक आण्णा होते, सीमेकडचे, बोलण्यात निम्मं कानडी. सरांचे तालमीतले जोडीदार. त्यांच्या दोन म्हशींपैकी थोरलीचं दूध आमच्या कामाला लागायचं. सर स्वतः सायकलला किटली अडकवून आणायचे. कच्च्या मालाच्या बाबतीत ते कुणावर विश्वास ठेवायचे नाहीत. ‘कच्चा माल इचारून घ्यायचा. न लाजता इचारायचं,’ हे त्यांचं ब्रीद, आणि दर किटलीतलं चमचाभर दूध चमच्यातच उकळून बघायचं, हा आम्हाला घालून दिलेला नियम. ते फाटलं किंवा घट्ट झालं तर किटली परत. दोन वर्षांत मी ते शेकडो वेळा केलं असेल. कधी काही झालं नाही, आणि कधी काही होत नाही म्हणून ते करायचा मला कंटाळा यायचा.

या विचारण्याच्या सवयीपायी सरांनी राधानगरीच्या लग्नात फार मोठा घोळ घातला. जेवणं झाल्यावर ते थेट आचाऱ्याकडं गेले आणि बासुंदीची चौकशी सुरू केली. दूध गाईचं की म्हशीचं, सकाळचं की संध्याकाळचं, किती वेळ आटवलं, म्हैस कधी व्यालेली. आचाऱ्यानं उरलेलं पातेलं गपचूप मांडवाच्या मागं नेलं. मुलीच्या मामांना वाटलं, हे अन्न तपासणारे साहेब असणार. त्यांनी घाईघाईनं टॉवेल, टोपी, नारळ मागवून सरांचा सत्कार केला. सरांनी टोपी घालून घेतली, नारळ काखेत धरला आणि विचारलं, ‘बरं, मग म्हैस कधी व्यालीया म्हनलासा?’

कण किती बारीक झाले हे मोजायचं यंत्र तेव्हा आमच्याकडं नव्हतं. नमुना पुण्याला पाठवावा लागायचा आणि छापील रिपोर्ट यायला पंधरा-वीस दिवस जायचे. सरांना एवढा धीर नव्हता. त्यांनी आपली एक पद्धत काढली होती. एक ठरलेली चपटी बाटली होती. तिच्यात कण घातलेलं पिवळं पाणी भरायचं आणि मागं वर्तमानपत्र धरायचं. मथळा वाचता आला पाहिजे आणि खालचं बारीक अक्षर वाचता येता कामा नये. दोन्ही वाचता आलं तर कण झालेच नाहीत, दोन्ही वाचता आलं नाही तर कण फार मोठे झाले. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे करायचे की मला हसू आवरत नसे. मग पुण्याचा रिपोर्ट यायचा आणि सरांचा अंदाज बरोबर निघायचा. पुण्याच्या माणसानं एकदा फोनवर विचारलं होतं, सर, तुम्ही आधी कुठल्या उपकरणावर बघता? सरांनी त्याला वर्तमानपत्राचं नाव सांगितलं.

आता मुद्द्याचं सांगते. प्रबंधासाठी मला एकाच पद्धतीनं केलेल्या तीन बॅचा सारख्या आलेल्या दाखवायच्या होत्या. एक चांगली येणं हा नशिबाचा भाग, दोन आल्या तर योगायोग, तीन आल्या की मग पद्धत, असा हिशेब. पहिली फेब्रुवारीत आली, दुसरी मार्चमध्ये. दोन्हींचे पुण्याचे आकडे जवळजवळ जुळे. माझे पाय जमिनीवर नव्हते. माझे बाबा यंत्रमागावर पाळीनं काम करायचे. मोठ्या आवाजानं त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं आणि आम्ही सगळेच घरात ओरडून बोलायला शिकलो होतो. गोव्याच्या एका औषध कंपनीनं माझी मुलाखत घेऊन ठेवली होती. डिग्री हातात घेऊन जूनमध्ये या, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं स्पष्ट सांगितलं होतं. आमच्या घरात पाळी नसलेली नोकरी तोवर कुणी केली नव्हती. बाबांनी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं आणि त्यांचं सांगणं म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाणारं.

एप्रिलमध्ये सर किटली घेऊन आले. मी चमचा काढला. सर म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे. म्या बघितलंय.’

मी चमचा ठेवून दिला. उलट बरंच वाटलं. त्या दुधातून केसीन काढलं, वाळवलं, बाटलीत भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कण करायला घेतले. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. पण गरम पाण्यात भांडं ठेवलं आणि दहाव्या मिनिटाला आतलं सगळं थुलथुलीत झालं. भांडं हलवलं की ते हलायचं, एकसंध, पिवळंधमक. मथळा सोडाच, बाटलीमागं वर्तमानपत्र आहे की नाही तेही कळेना. मला वाटलं, पाणी जास्त तापलं. त्याच बाटलीतलं केसीन घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी थर्मामीटर बदलला, चौथ्यांदा सगळी काच नव्यानं धुतली, आणि तरी भांड्यात तेच. मेचा दुसरा आठवडा आला. मी सरांना विचारलं, माझं काय चुकतंय? सर भांड्यात बघत राहिले. वहीवर ‘चितपट’सुद्धा लिहिलं नाही. मला वाटलं, आता हे माझ्याकडं बघून निराश झाले.

मग मी जे केलं ते केलं. पहिल्या दोन आकड्यांच्या बरोबर मधला आकडा घेतला आणि तिसऱ्या बॅचच्या रकान्यात टाइप केला. एवढं सोपं होतं ते. अर्ध्या मिनिटाचं काम. प्रबंध बांधून घेतला आणि सरांच्या टेबलावर सहीला ठेवला. दोन दिवसांनी सही होऊन परत आला. त्यांनी वाचला नसणार, अशी मी मनाची समजूत घातली, कारण वाचला असता तर त्यांनी तो माझ्या डोक्यात घातला असता.

तोंडी परीक्षेला मुंबईहून परीक्षक आले होते. बारीक अंगाचे, पोटानं नाजूक, स्वतःचं उकळलेलं पाणी बाटलीतून घेऊन फिरणारे. कोल्हापुरात आल्यापासून त्यांनी केळं सोडून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळं प्राचार्य कासावीस झाले होते. पण माणूस तयारीचा होता. पानन्‌पान वाचून आले होते. तासभर त्यांनी मला उलटंसुलटं विचारलं, मी उत्तरं दिली, आणि शेवटी त्यांनी चष्मा काढला. काम फार आवडलं, म्हणाले. विशेषतः तिसरी बॅच. पहिल्या दोन चांगल्या आहेत, पण तिसरी दोघींच्या मधोमध येऊन बसते तेव्हा पद्धत सिद्ध होते. त्यांनी पेन उघडलं, सही करायला कागद ओढला आणि सहज म्हणाले, तिसऱ्याचा पुण्याचा छापील रिपोर्ट जोडायचा राहिला वाटतं?

मी तोंड उघडलं. पोस्टात आहे, असं सांगायचं मी घरून ठरवूनच आले होते. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून सर उभे राहिले.

‘रिपोर्ट न्हाय,’ ते म्हणाले. ‘बॅचच न्हाय. आकडा म्या लिवलाय.’

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. हा माणूस लग्नातल्या आचाऱ्यालासुद्धा खरं बोलायला लावायचा, आणि इथं परक्या परीक्षकासमोर माझं पाप आपल्या डोक्यावर घेत होता. मी गप्प बसले असते तर डिग्री माझी होती. गाईडनं आकडा घुसवला, विद्यार्थिनी बिचारी काय करणार, असं म्हणून प्रकरण सरांवर शेकलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, खोटं कशाला सांगू. आणि त्याच वेळी इतकी लाज वाटली की बसवेना.

‘नाही सर,’ मी म्हणाले. ‘आकडा मी टाकला. सरांना माहीतही नाही. त्यांनी ते पान वाचलेलं नाही.’

‘गप बस, इचलकरंजी. वाचलंय म्या. वाचूनच सही केलीया.’

परीक्षक एकदा माझ्याकडं बघत होते, एकदा सरांकडं. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मी तीस वर्षं परीक्षक आहे, ते सावकाश म्हणाले, चांगला आकडा माझा की तुझा म्हणून भांडणारे गुरू-शिष्य दरवर्षी बघतो, खोट्या आकड्यासाठी भांडणारे आज पहिल्यांदा बघतोय. मग सरांना बसायला सांगितलं आणि विचारलं, बॅच मुळात बिघडली कशानं?

तेव्हा सरांनी सांगितलं. आण्णांची धाकटी म्हैस व्याली होती. व्यालेल्या जनावराचा चीक मानाच्या माणसाकडं पहिला पाठवायचा, आणि तो नाकारला तर जनावर आटतं, अशी आण्णांची समजूत. त्या दिवशी त्यांनी सरांची किटली धाकटीच्या दुधानं भरली. सर म्हणाले, कामाला पाहिजे, थोरलीचं द्या. आण्णा म्हणाले, ‘मास्तर, मान तुमचा हाय. न्हाय म्हनू नगासा. पाच दिस झालं, आता दूधच हाय की ते.’ आणि सरांना नाही म्हणवलं नाही. पाच दिवस झालेत, होऊन जाईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. चमच्यात उकळून बघायचं धाडस त्यांना झालं नाही, कारण बघितलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर आण्णांच्या मानाची किटली ओतून द्यावी लागली असती.

‘म्हणजे,’ परीक्षक म्हणाले, ‘ही मुलगी महिनाभर खरवस करत होती?’

‘व्हय,’ सर म्हणाले. ‘हळद घातलेला.’

परीक्षकांना हसू आलं. ते दाबायला त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायला घेतलं आणि ठसका लागला. प्राचार्य धावत येऊन पाठ थोपटू लागले. खोलीतले सगळे हसले, एक मी सोडून. मला हसता येत नव्हतं. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. परीक्षकांनी सही केली नाही. एक महिना देतो, म्हणाले. तिसरी बॅच करा, जी येईल ती लिहा, आवडो न आवडो. आणि त्या पानावर दोघांच्याही सह्या पाहिजेत.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात मी सरांवर तुटून पडले. आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात हे मी सांगितलंच आहे. चार वेळा केलं मी, म्हटलं, चार वेळा. काच धुऊन धुऊन हाताची साल निघाली. माझ्या हातातच काही खोट आहे असं वाटून मी घरी जेवत नव्हते. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्हाला विचारायला शिकवता, न लाजता विचारायचं म्हणता, आणि स्वतः एका वाक्यानं सांगायला लाजलात. शिपाई बघत होता, दोन प्राध्यापक बघत होते, मला कशाचीच पर्वा नव्हती. सर मान खाली घालून उभे होते. एवढं मोठं धूड, पण त्या दिवशी मला ते माझ्याएवढेच दिसले.

‘चुकलं,’ ते म्हणाले.

विद्यार्थ्यापुढं, व्हरांड्यात, शिपायादेखत. असं म्हणणारा दुसरा प्राध्यापक मी पाहिलेला नाही. माझा राग तेवढ्यानं गेला असं मी म्हणणार नाही. पण त्यापुढं ओरडायला काही उरलं नाही.

तिसरी बॅच आम्ही दोघांनी मिळून केली. थोरलीचं दूध, आणि चमचा आळीपाळीनं दोघांनी उकळून बघितला. कण पहिल्या दोघींपेक्षा अंमळ मोठे आले. मथळा दिसत होता, पण जरा डोळे ताणावे लागत होते. पूर्वीची मी असते तर रडले असते. या वेळी पुण्याहून आला तो आकडा लिहिला, शेजारी कारणांचा अंदाज लिहिला आणि दोघांनी सह्या केल्या. परीक्षकांनी तो मान्य केला, वर एक ओळ लिहून पाठवली की हा आकडा जास्त पटण्यासारखा आहे. डिग्री मिळाली. फक्त जून उलटून जुलैचाही निम्मा गेला होता.

गोव्याच्या कंपनीला फोन केला तर त्यांनी जागा अजून भरलेली नाही, पण उशीर का झाला याचं गाईडकडून पत्र आणा, असं सांगितलं. मी सरांकडं गेले. मनात एकच, की ते ‘तांत्रिक अडचणींमुळं’ वगैरे लिहितील आणि भागेल. सरांनी दोन दिवस घेतले. पत्र पाकिटात घालून, डिंकानं चिकटवून दिलं आणि फोडायचं नाही म्हणून बजावलं. मी ते तसंच एसटीनं गोव्याला नेलं. बाबा बरोबर आले होते. ते बाहेर बाकावर बसले आणि मी आत गेले.

गुणवत्ता विभागाच्या साहेबांनी पाकीट फोडलं. एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग माझ्यापुढं सरकवून विचारलं, हे शिफारसपत्र आहे की तक्रार?

पत्र सरांच्या त्या पुस्तकी इंग्रजीत होतं. पहिल्या परिच्छेदात चीक, आण्णा, किटली, सगळं खुलासेवार. मग पुढं जे होतं त्याचं मराठी साधारण असं होतं: ‘या मुलीने एकदा खोटा आकडा लिहिला. गप्प राहिली असती तर वाचली असती, कारण दोष मी घेत होतो. तिने घेऊ दिला नाही. ती पुन्हा खोटा आकडा लिहिणार नाही, याची मी खात्री देतो. ज्यांनी एकदाही लिहिलेला नाही, त्यांच्याबद्दल मला अशी खात्री देता येत नाही. माझ्याबद्दल म्हणाल, तर मी खोट्या पानावर जाणूनबुजून सही केलेली आहे. तेव्हा खालच्या सहीवर किती विश्वास ठेवायचा, ते आपण ठरवावे.’

खाली सही होती, सरांची, नेहमीची, कागद फाटेल इतकी दाबून केलेली. मला रडू फुटलं. साहेबांसमोर, मुलाखतीच्या खुर्चीत. त्यांनी मला थांबू दिलं आणि मग पुन्हा विचारलं, काय समजू मग मी?

‘सही खरी आहे, साहेब,’ मी म्हटलं.

त्यांनी पत्राला दोन भोकं पाडली आणि माझ्या नावाची नवी फाइल उघडून ते पहिलं पान म्हणून लावलं.